एक्सट्रूजनचा अ‍ॅल्युमिनियम हीटसिंक कमी खर्चात कसा बसवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडे शेतासाठी एलईडी दिवे, सोलर चार्ज कंट्रोलर, बॅटरी चार्जर आणि छोटे मोटर ड्राइव्ह बनवणारे, दुरुस्त करणारे आता तालुक्यातालुक्यात भेटतात. आयटीआय झालेली पोरं आहेत, जुने रेडिओ-टीव्हीवाले आहेत, एमआयडीसीत दोन-चार माणसांचं युनिट चालवणारे आहेत. त्यांच्याकडून हीटसिंकबद्दल, म्हणजे गरम होणाऱ्या भागाची उष्णता हवेत सोडणाऱ्या, साच्यातून दाबून (एक्सट्रूजनने) काढलेल्या धातूच्या तुकड्याबद्दल, तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो. एवढं ध्यानात असू द्या: अ‍ॅल्युमिनियम आपण किलोवर विकत घेतो, उष्णता मात्र पृष्ठभागावरून जाते. पैसे वाया जातात ते बहुधा याच दोन मापांच्या गोंधळात.

हिशेबाला हवेचं तापमान किती धरायचं?

डेटाशीट (सुट्या भागाचा कंपनीने दिलेला माहितीकागद) २५ अंश धरून लिहिलेली असते. ते आपल्या कामाचं नाही. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५-४६ ला जातो, कधी ४७ लाही, आणि हा आकडा वेधशाळेच्या सावलीतल्या पेटीतला असतो. तुमचा कंट्रोलर टिनाच्या शेडखाली नाहीतर धुऱ्यावरच्या खांबावर असतो. उघड्यावर, पण सावलीत असलेल्या हीटसिंकसाठी मी ५० अंश धरतो. हीटसिंक बंद पेटीच्या आत असेल तर ६५ धरा. आणि शक्य असेल तर तो आत ठेवूच नका. पेटीच्या पाठीला चौकोन कापून, रबरी गॅस्केट लावून, फिन्स (हीटसिंकच्या पातळ पात्या) बाहेर काढा. यात खर्च फक्त गॅस्केटचा आणि थोड्या कटाईचा, फायदा १०-१५ अंशांचा.

माझ्या सर्किटला किती मोठा हीटसिंक लागेल?

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, मग आपापले आकडे घाला.

समजा मॉस्फेट, म्हणजे सर्किटमधले वीज चालू-बंद करणारे सुटे भाग, मिळून २० वॅट उष्णता सोडतात. हवा ५० अंश. हीटसिंक ८० च्या वर जाऊ नये असं ठरवलं, म्हणजे ३० अंशांची वाढ चालेल. ३० ला २० ने भागलं की दर वॅटला १.५ अंश, हा आपल्याला हवा असलेला थर्मल रेझिस्टन्स. आता पंख्याशिवाय, उभ्या फिन्स आणि अ‍ॅनोडाइझ केलेलं अ‍ॅल्युमिनियम (विजेच्या प्रक्रियेने वर ऑक्साइडचा कठीण थर चढवलेलं) असेल, तर एक चौरस मीटर पृष्ठभाग दर अंशाला साधारण ७ वॅट सोडतो असं धरून चाला. २० भागिले (७ गुणिले ३०) म्हणजे ०.०९५ चौरस मीटर, म्हणजेच ९५० चौरस सेंटीमीटर.

हे क्षेत्रफळ कुठून आणायचं? १०० मिमी रुंद, ५ मिमी जाड पाया, त्यावर ३० मिमी उंच आणि १.५ मिमी जाड अशा १० फिन्स. फिन्सच्या दोन्ही बाजू, मधल्या दऱ्या आणि टोकं धरून आडव्या छेदात हवेला लागणारी कडा सुमारे ७०० मिमी भरते. लांबी १३७ मिमी घेतली की ९५९ चौरस सेंटीमीटर. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. झाला हीटसिंक.

आता आतल्या चिपचं बघू. चिपपासून तिच्या बाहेरच्या कवचापर्यंत (केस) दर वॅटला १ अंश आणि वीज अडवणाऱ्या इन्सुलेटर पॅडचा १ अंश धरा. २० वॅट चार मॉस्फेटमध्ये वाटले तर प्रत्येकी ५ वॅट, म्हणजे हीटसिंकच्या वर १० अंश: चिप ९० वर. तेच २० वॅट एकाच मॉस्फेटवर टाकले तर ४० अंश वर, चिप १२० वर. हीटसिंक तोच, अ‍ॅल्युमिनियम तेवढंच. म्हणून एक महागडा मॉस्फेट ठोकण्यापेक्षा दोन-तीन स्वस्त, एकमेकांपासून लांब बसवलेले, हे पुष्कळदा परवडतं.

कॅटलॉगमध्ये थर्मल रेझिस्टन्स दिलेला असतो. तोच धरला तर?

आधी खालची बारीक अक्षरं वाचा. पुष्कळ कॅटलॉगमधला आकडा ७५ अंशांच्या वाढीवर मोजलेला असतो. वाढ जास्त असली की हवा जोरात वर चढते आणि हीटसिंक उगाच चांगला दिसतो. आपण ३० अंशच वाढ देणार असू, तर तोच हीटसिंक साधारण २५ टक्के कमजोर निघतो. छापील १.५ असेल तर १.९ धरा. शिवाय तो आकडा किती लांबीच्या तुकड्याचा आहे तेही बघा.

आणि लांबी दुप्पट केली म्हणजे रेझिस्टन्स निम्मा होत नाही. खालून वर चढणारी हवा वाटेत तापत जाते, वरच्या टोकाला पोचेपर्यंत तिच्यात दम उरत नाही. दुप्पट लांबीला रेझिस्टन्स साधारण ०.७ पट होतो. रुंदी वाढवली तर मात्र जवळजवळ पूर्ण फायदा मिळतो. जागा असेल तर आडवा पसरा, उंच चढवू नका.

जाड फिन्सचा, वजनदार हीटसिंक चांगला ना?

हातात घेतल्यावर चांगला वाटतो, एवढंच. वरच्या उदाहरणातली ३० मिमी उंच, १.५ मिमी जाड फिन नैसर्गिक हवेत ९८ टक्के कार्यक्षमतेने चालते. म्हणजे तिचं टोक बुडाइतकंच गरम असतं. ती ३ मिमी केली तर उरलेल्या दोन टक्क्यांतले एक-सव्वा टक्के मिळतील आणि फिन्सचं वजन दुप्पट होईल. हे पैसे सरळ पाण्यात. ६० मिमी उंच फिनसुद्धा १.५ मिमी जाडीवर ९४ टक्के देते.

जाडी लागते ती पायाला, आणि तीही उष्णता एका ठिपक्यावरून येत असेल तेव्हा. छोट्या मॉस्फेटच्या खाली ५ मिमी पाया ठीक. मोठं मॉड्यूल असेल, त्याच्या स्क्रूला आटे हवे असतील, तर ८ ते १०. एलईडीच्या पट्टीत उष्णता आधीच पसरलेली असते, तिथे ३ मिमीही पुरतो.

वजनाचा एक उपयोग आहे, तो नाकारत नाही: मोटर सुरू होतानाचा काही सेकंदांचा झटका जड पाया पिऊन घेतो. पण दिवसभर चालणाऱ्या पंपाला त्याचा काही उपयोग नाही.

फिन्स जितक्या जास्त तितकं क्षेत्रफळ जास्त. मग दाटच का घेऊ नयेत?

कारण हवेला आत शिरता आलं पाहिजे. प्रत्येक फिनच्या अंगाला गरम हवेचा एक थर चिकटून असतो. दोन फिन्सचे थर एकमेकांना भिडले की मधली हवा हलतच नाही. १२ ते १५ सेंमी लांबीच्या, ३० अंश वाढीच्या हीटसिंकला ८ ते १० मिमी फट योग्य बसते. ३० सेंमी लांबीला १० ते १२. जुन्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा दाट फिन्सचा कूलर भंगारात स्वस्त मिळतो खरा, पण तो पंख्यासाठी बनलेला आहे. पंखा काढून शेतात टांगला तर त्याच्या निम्म्याहून जास्त फिन्स नुसत्या शोभेच्या.

बाजारात फिन्सच्या अंगावर बारीक खाचा पाडलेली प्रोफाइल्सही (एक्सट्रूजनने काढलेले ठरावीक आकाराचे बार) येतात. खाचांमुळे कागदावर क्षेत्रफळ वाढतं, पण त्या चिकटलेल्या थरातच बुडून जातात. पंख्याशिवाय त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

रुंद फटीचं आपल्याकडे आणखी एक कारण आहे: कापूस. वणी, हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये हंगामात हवेत तंतू तरंगत असतात. ३ मिमी फटीचा हीटसिंक महिनाभरात नमद्यासारखा भरतो. गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलमध्ये हेच काम कोंडा करतो. १० मिमी फटीतून दाढीचा ब्रश फिरतो.

भाऊ, पंखा लावला तं काय बिघडते?

घरात, दुकानात काही बिघडत नाही. पंखा लावला की हीटसिंकचा आकार तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतो, अ‍ॅल्युमिनियमचे पैसे वाचतात. पण शेतातल्या पेटीत पंखा हाच पहिला मरतो: धूळ, तंतू, पाल, मुंग्या. पंखा मेला की तो लहान हीटसिंक दहा मिनिटांत हात टेकवेना असा होतो. जिथे आठवड्यातून एकदाही कोणी पेटी उघडत नाही तिथे पंखा नको. लावायचाच असेल तर ६० अंशांचा थर्मल स्विच मालिकेत टाका म्हणजे तो गरज असेल तेव्हाच फिरेल, आणि ८५-९० ला सर्किट बंद करणारा दुसरा स्विच वेगळा ठेवा.

काळा रंग द्यावा का?

सावलीत असेल तर हो, उन्हात असेल तर नाही.

कोऱ्या, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमकडून उष्णतेचं उत्सर्जन जेमतेम होतं. अ‍ॅनोडाइझ केलं की ते आठ-दहा पट वाढतं. पंख्याशिवायच्या हीटसिंकमध्ये सुमारे एक-तृतीयांश उष्णता या वाटेने जाते, म्हणून अ‍ॅनोडाइझिंग वसूल होतं. गंमत अशी की या कामात काळ्या आणि साध्या, बिनरंगी अ‍ॅनोडाइझिंगमध्ये फारसा फरक नाही. फरक पडतो उन्हात. भर दुपारी ऊन चौरस मीटरला जवळजवळ १००० वॅट ओतत असतं. आपला १०० बाय १३७ चा हीटसिंक काळा असेल आणि ऊन त्याच्यावर सरळ पडत असेल, तर तो १२ वॅट उन्हाचेच घेईल. सर्किटचे २० आणि हे १२! बाहेर लावायचं असेल तर बिनरंगी अ‍ॅनोडाइझिंग घ्या, पेटीला पांढरा रंग द्या.

त्याहूनही स्वस्त उपाय: पेटीच्या वर आणि पश्चिमेकडून, ५ सेंमी फट ठेवून, पत्र्याचा एक तुकडा. ३० बाय ४० सेंमीच्या गडद पेटीवर पडणारे शंभरेक वॅट तो पत्रा स्वतःवर घेतो. एवढी उष्णता हीटसिंकने काढायची म्हटली तर आणखी पावणेदोन किलो अ‍ॅल्युमिनियम लागेल.

दार-खिडक्यांचं सेक्शन वापरलं तर चालेल? ते तर गावातच मिळतं.

धातू तोच आहे. खिडक्यांची सेक्शनं बहुतेक ६०६३ याच मिश्रधातूची असतात, आणि एक्सट्रूजनचे हीटसिंकही त्याचेच. पण खिडकीच्या सेक्शनची भिंत १.२ मिमीच्या आसपास. उष्णता मॉस्फेटपासून लांब पसरत नाही, भोवतीचा तळहाताएवढा भागच तापतो. ५-७ वॅटपर्यंत, किंवा एलईडीच्या लांब पट्टीला, खुशाल वापरा. पट्टीसाठी तर उत्तमच. वर पावडर कोटिंग असेल तर जिथे सुटा भाग बसतो तेवढ्या जागेवरून ते खरवडून पॉलिश पेपरने सपाट करा.

तांब्याचा? की ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा?

तांबं नको. ते अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास दुप्पट उष्णता वाहून नेतं, पण आपली फिन आधीच ९८ टक्क्यांवर आहे, अडचण हवेकडे आहे. वजन सव्वातीन पट, आणि शेतातून चोरी होण्याची हमी.

डायकास्टिंगला आकाराचं स्वातंत्र्य मिळतं, पण एडीसी१२ सारखा ओतीव मिश्रधातू ६०६३ च्या निम्मीच उष्णता वाहतो आणि त्याचा साचा एक्सट्रूजनच्या डायपेक्षा (ज्यातून प्रोफाइल दाबून काढतात तो पोलादी साचा) कितीतरी महाग. हजारोंनी दिवे काढणाऱ्यांनी तिकडे बघावं.

स्वतःची डाय बनवून घ्यावी का?

वर्षाला काही क्विंटल माल लागत नसेल तर नाही. आधी दोन-तीन एक्सट्रूजनवाल्यांची तयार प्रोफाइल्सची यादी मागवा. रुंदी, फिनची उंची, फट जवळपास जुळणारं काहीतरी मिळतंच. मग लांबी कमीजास्त करून आपला आकडा गाठायचा. डायचा खर्च एकदाचा असतो, पण प्रत्येक वेळी किमान इतके किलो उचला ही अट कायमची असते, आणि लहान युनिटचा पैसा अडकतो तो तिथे.

तरीही बनवायचीच झाली तर प्रेसवाल्याचं काम सोपं करा. इथे ४५० ते ५०० अंशांवर मऊ केलेला अ‍ॅल्युमिनियमचा गोळा पोलादी डायमधून दाबून काढतात. दोन फिन्समधली फट म्हणजे डायमधली पोलादाची एक पातळ जीभ. फट अरुंद आणि फिन उंच असेल तर ती जीभ वाकते, तुटते. फिनची उंची फटीच्या सहा पटींपर्यंत असेल तर कोणीही आनंदाने काम घेतो; दहा पटींच्या पुढे डाय, वेग, नासधूस सगळंच महागतं. आपल्या उदाहरणात हे प्रमाण जेमतेम सव्वातीन आहे. याशिवाय: बंद पोकळी ठेवू नका, आकार दोन्ही बाजूंनी सारखा ठेवा, फिन आणि पायाच्या जाडीत फार तफावत नको, कोपरे गोल करा. आणि कडेला इंग्रजी सी अक्षरासारखी खाच प्रोफाइलमध्येच घ्या. तिच्यात स्क्रू सरळ पिळता येतो. प्रत्येक नगाला चार भोकं पाडून आटे पाडण्याची मजुरी कायमची वाचते.

कापताना पैसे कुठे वाचतात?

बार साधारण १२ फुटांचा, म्हणजे ३६५८ मिमी. करवत प्रत्येक कापाला ३ मिमी खाते. १४० मिमीचे तुकडे केले तर २५ नग निघतात आणि ८३ मिमीचा तुकडा भंगारात. १३७ चे केले तर २६ नग, शिल्लक जवळजवळ शून्य. क्षेत्रफळात फरक दोन टक्के. वर मी १३७ का घेतलं ते आता कळलं असेल. ड्रॉइंग पक्कं करण्याआधी हा भागाकार करा, आणि बारची दोन्ही टोकं चेपलेली नाहीत ना ते बघून घ्या.

थर्मल पेस्ट खरंच लागते?

लागते. टीओ-२२० या नेहमीच्या तीन पायांच्या आकारातल्या मॉस्फेटची पाठ साधारण १० बाय १५ मिमी. तिच्या आणि हीटसिंकच्या मध्ये ०.०५ मिमी, म्हणजे कागदाहूनही पातळ हवेची फट राहिली, तर तेवढ्या हवेचा रेझिस्टन्स दर वॅटला १२ अंशांच्या वर जातो. तीच फट साध्या पांढऱ्या पेस्टने भरली तर अर्ध्या अंशाच्या आत. म्हणजे सहा रुपयांची पेस्ट टाळली तर वरचा सगळा हिशेब कचऱ्यात. पण थापू नका: पेस्ट धातूपेक्षा शेकडो पटींनी कमी उष्णता वाहते, ती फक्त खाचा भरायला आहे. पुसट थर द्या, स्क्रू घट्ट करा, कडेने बारीक रेघ बाहेर आली की झालं.

एक्सट्रूजनचा पाया मधे किंचित वाकलेला असतो. दर २५ मिमीला ०.१ मिमीपर्यंतचा फरक नेहमीचा. लहान सुट्या भागांना चालतो. रुंद मॉड्यूलसाठी तेवढी जागा मिलिंग करून घ्या. अख्खा पाया मिलिंग करू नका, पैसे जातात.

फिन्स कुठल्या दिशेला हव्यात?

उभ्या. खाली आणि वर किमान १० सेंमी मोकळं. हीटसिंक पाठीवर झोपवून फिन्स आकाशाकडे केल्या तर १५ ते २० टक्के जातात. भिंतीवर फिन्स आडव्या लावल्या तर त्याहून वाईट.

व्होल्टेज कमी असलं की कंट्रोलर जास्त गरम का होतो?

गावाच्या टोकाला २३० ऐवजी १७० व्होल्ट आले आणि यंत्र तेवढंच काम करत राहिलं, तर ते ३५ टक्के जास्त करंट ओढतं. रेझिस्टन्समधला तोटा करंटच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १.८ पट. इनपुटच्या बाजूच्या भागांचे वॅट मोजताना नेहमीचं व्होल्टेज नको, सगळ्यात कमी व्होल्टेज धरा. मी १६० धरतो.

टेम्परेचर गनने मोजलं तर ३८ अंशच दाखवते, हात मात्र भाजतो!

चकचकीत धातूवर गन फसते. तिला धातूत पडलेलं आजूबाजूचं प्रतिबिंब दिसतं. फिनच्या बुडाशी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, दोन मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरा. मल्टिमीटरचा थर्मोकपल असेल तर उत्तमच.

चाचणी जानेवारीत घ्यायची वेळ आली तरी अडत नाही. पूर्ण लोडवर तासभर चालवा, हवेपेक्षा किती अंश चढलं ते लिहा. २४ च्या हवेत ५६ आलं तर वाढ ३२. मे महिन्याच्या ५० मध्ये ती मिळवा: ८२. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हीटसिंकला खेटून नाही ना तेही बघा. दर १० अंश कमी झाले की त्याचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं.

संत्र्याच्या बागेत हीटसिंक पांढरा पडून खड्डे पडले. कशाने?

बोर्डो मिश्रणाने, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या फवाऱ्याने. वरूड-मोर्शीकडे हे हमखास दिसतं. मोरचुदातलं तांबं अ‍ॅल्युमिनियमवर बसलं की ओलाव्यात ते त्याला खात जातं. पेटी फवाऱ्याच्या टप्प्याबाहेर लावा, फवारणीच्या दिवशी ती पोत्याने झाका, उडालंच तर साध्या पाण्याने धुवा. १५ मायक्रॉनचं अ‍ॅनोडाइझिंग बराच काळ तग धरतं. कुंभारीण माशीची मातीची घरटी पावसाळा संपताना फिन्समधून काढायची. ती फट पूर्ण बुजवतात.

हीटसिंकला शॉक लागतो का?

लागू शकतो, आणि जिवावर बेतू शकतो. बहुतेक मॉस्फेटची धातूची पाठ आतून ड्रेनला, म्हणजे वीज वाहणाऱ्या त्याच्या एका पायाला, जोडलेली असते. इन्सुलेटर पॅड आणि स्क्रूला बुशिंग नसेल तर अख्खा हीटसिंक जिवंत. बाहेर काढलेला हीटसिंक अर्थिंगला जोडलाच पाहिजे. पॅड बसवल्यावर मल्टिमीटरने पाठ आणि हीटसिंक यांच्यात कंटिन्युइटी नाही हे प्रत्येक नगावर तपासा.

सरकारी योजनेतल्या सोलर पंपाचा कंट्रोलर तापतो. मोठा हीटसिंक लावून देऊ का?

उघडू नका. कुसुम असो की मागेल त्याला सौर कृषी पंप, पाच वर्षांची हमी असते आणि सील तुटलं की ती गेली. वर पत्र्याची सावली करा, मागचा गवताचा ढीग हलवा, फिन्स ब्रशने साफ करा. तरी तापून बंद पडत असेल तर कंपनीकडे तक्रार करा.

झटका मशीनला हीटसिंक हवा का?

शेताच्या कुंपणाच्या झटका मशीनला सहसा नको. सरासरी वॅट फारच कमी. तिथे पैसे बॅटरीवर घाला.

प्रोफाइलची ऑर्डर देताना कागदावर काय लिहू?

मिश्रधातू ६०६३, टेंपर (कडकपणाचा दर्जा) टी५ किंवा टी६. प्रोफाइलचा नंबर आणि दर मीटर वजन. कापायची लांबी आणि तिला चालणारा फरक, उदाहरणार्थ १३७ अधिक-उणे ०.५ मिमी, बर (कापल्यावर कडेला राहणारी धारदार किनार) काढलेला हवा की नको, अ‍ॅनोडाइझिंगचा रंग आणि मायक्रॉन, आणि ते कापून, भोकं पाडून झाल्यावर करायचं हे ठळक अक्षरात. सपाटपणा फक्त जिथे हवा तिथेच मागा, कारण प्रत्येक जास्तीच्या मागणीचे पैसे लागतात. भाव किलोवर विचारा, कटाई आणि अ‍ॅनोडाइझिंग वेगळं लिहून घ्या. माल आला की एक नग काट्यावर टाका: दर मीटर वजन कागदापेक्षा बरंच जास्त भरलं तर डाय झिजलेली आहे, आणि त्या जादा ग्रॅमचे पैसे तुम्ही देता आहात.